‘टी’ दोनदा येतो

गेल्या वर्षी या अंकात मी अनारशांवर लिहिलं होतं. यंदा संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होते, हात कोपरापर्यंत काळे होते आणि फोन लेकीने माझ्या कानाला धरला होता.

“यंदा काय मग? करंज्या?”

“नाही. टॅपेट.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, “ते गोड असतं का तिखट?”

तर मंडळी, टॅपेट हा पदार्थ नाही. मोटरसायकलच्या इंजिनात असतो. मी मराठीची एम.ए., सांगलीच्या एका हायस्कूलात नववी-दहावीला सहा वर्षं मराठी शिकवलेलं. व्याकरणात संधी सोडवायचे. इंजिन सोडवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही इन्व्हरकार्गिलला आलो. तो दूध पावडरीच्या कारखान्यात आहे, पाळ्या असतात. इथे शिक्षक व्हायचं तर टीचिंग कौन्सिलची नोंदणी लागते, त्याआधी पदव्यांची तपासणी. ते सगळं होईलही, पण देशाच्या या टोकाला मराठीच्या बाई कुणाला हव्यात? त्यामुळे सध्या घरीच. ऑकलंडच्या मैत्रिणी विचारतात, तुमच्याकडे थंडी कशी आहे? मी सांगते, जूनमध्ये संध्याकाळी पाच वाजता दिवस संपतो, आणि मग बरीच मोठी रात्र उरते.

त्या रात्रींचं काय करायचं, हा प्रश्न शेजारच्या आजींनी सोडवला. त्यांचे यजमान मेंढपाळ शेतकरी. ते गेल्यावर आजींना शेड रिकामी करायची होती. शेडमध्ये एक लाल होंडा पडलेली. सीटी ११०, ऐंशीच्या दशकातली. इकडच्या शेतांवर या गाड्या खूप चालल्या, ऑस्ट्रेलियात तर पोस्टमनची गाडी म्हणूनच ती ओळखली जाते. मागच्या रुंद कॅरिअरवर कुत्रा बसायचा, त्याच्या नखांचे ओरखडे अजून आहेत. किक मारली की इंजिन फिरायचं, पण किकला काही जोर लागायचा नाही, आणि कधी चुकून सुरू झालंच तर निळा धूर. भंगारवाला येणार होता. मी म्हटलं, मी नेते. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आता थोडं बाबांबद्दल. बाबांचं माधवनगर रस्त्याला गॅरेज होतं. लुना, राजदूत, चेतक, आणि १९८५ पासून हीरो होंडा. दुकान बंद करून आता सात वर्षं झाली. दादाला त्यात रस नव्हता, त्याला जबरदस्तीने बसवायचे. मला रस होता, मला येऊ द्यायचे नाहीत. “हात काळे होतील.” मी बिलं लिहायचे आणि स्पेअरच्या याद्या वाचून दाखवायचे. अक्षर चांगलं होतं ना माझं! दादा बँकेत लागला, मी शाळेत. यावरून मी बाबांशी भांडल्याचं आठवत नाही. आमच्याकडे बाबांशी कुणी भांडत नाही.

पस्तीस वर्षं इंजिनाशी कान लावून काढली आणि बाबांचे कान गेले. मशीन लावलं की ते शिट्टी मारतं म्हणून लावत नाहीत. त्यामुळे फोन म्हणजे माझं ओरडणं आणि त्यांचं “काय म्हणालीस?” आणखी एक गोष्ट होती. २०२१ मध्ये आई गेली. तेव्हा इथल्या सीमा बंद होत्या. गेले असते तर परत येण्यासाठी विलगीकरणाची जागा मिळण्याची खात्री नव्हती, आणि लेक पाच वर्षांची होती. मी गेले नाही. तुमच्यापैकी कितीतरी घरांत हे झालंय, त्यामुळे जास्त सांगत नाही. बाबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. आमचं बोलणं त्यानंतर “जेवलीस का?” आणि “बीपीची गोळी घेतली का?” यावर आलं, ते वहिनीच्या मध्यस्थीने.

मी होंडाचा फोटो वहिनीच्या फोनवर पाठवला. पाच मिनिटांत बाबांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. “अगं, हे तर आपलं सीडी हंड्रेड की! सिलिंडर बघ, आडवं झोपलंय. एकाच घराण्यातलं इंजिन आहे. कुठं मिळालं तुला?”

आणि ते खरंच आहे. होंडाने १९५८ मध्ये सुपर कब काढली, त्या आडव्या सिलिंडरच्या छोट्या इंजिनाचीच ही सगळी पिलावळ. २०१७ पर्यंत कबच्या दहा कोटी गाड्या निघाल्या. तिचीच एक शाखा शेतावरची सीटी ११०, आणि दुसरी शाखा हीरो होंडा सीडी १००, जी माझ्या लहानपणी सांगलीत प्रत्येक एल.आय.सी. एजंटाकडे असायची. सांगलीच्या गॅरेजातलं चुलत भावंड मला इन्व्हरकार्गिलच्या मेंढरांच्या शेडमध्ये सापडलं होतं.

तेव्हापासून आमची रीत ठरली. मी लिहायचं, बाबांनी बोलायचं. मी रात्री आठला लिहिलं की तिकडे दुपारचा दीड, बाबांचं जेवण झालेलं. चष्मा लावून ते वाचतात आणि वहिनी बटण दाबून देते.

पहिला हुकूम आला, “फुल इंजिन उघडू नकोस. हाफ इंजिनवर भागेल.” हाफ इंजिन म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन. खालचा क्रँक तसाच ठेवायचा. ते काम कसं केलं ते भराभर सांगते, कारण ते पुस्तक बघून कुणालाही जमेल. फराळाचे स्टीलचे डबे काढले, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या डब्यात. टायमिंग चेन खाली पडू नये म्हणून तारेने बांधून ठेवली. रिंगा नव्या, पॅकिंग नवं, ब्लॉक गावातल्या वर्कशॉपमध्ये दाखवून घेतला. दोन्ही व्हॉल्व्ह पेस्ट लावून त्यांच्या बैठकीवर घासले, दोन संध्याकाळी, ताक घुसळल्यासारखे दोन तळव्यांत दांडी धरून. बैठकीवर सगळीकडून सारखा करडा पट्टा उमटला तेव्हा मला दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्याचा आनंद झाला. (तो कधी लागला नव्हता.)

मग आलं टॅपेट.

इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. त्यांना दाबून उघडतो तो रॉकर. रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते, ते काम म्हणजे टॅपेट सेटिंग. आमच्या होंडाला ही फट ०.०५ मिलीमीटर, दोन्हीकडे. आपल्या वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ असते, म्हणजे त्याच्या निम्मी. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, तिला लांबायला जागा हवी. म्हणून मोजणी गार इंजिनावरच करायची. सांगलीत मे महिन्यात बाबा गाडी रात्रभर ठेवून पहाटे टॅपेट बघायचे. माझ्या गॅरेजमध्ये भर दुपारी पाच अंश असतात. थंडी ही इथे फुकट मिळणारी एकच गोष्ट, ती एकदाची कामाला आली.

फट मोजायला फिलर गेज लागतं. पात्यांचा जुडगा असतो, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. ते आणायला मी डी स्ट्रीटवरच्या ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात गेले. इन्व्हरकार्गिलला आलात तर हे दुकान चुकवू नका. खिळे, कुदळी आणि बरण्यांच्या मधोमध तिथे बर्ट मनरोची मोटरसायकल उभी आहे. हा इथला माणूस, जन्म १८९९. १९२० ची ‘इंडियन स्काउट’ त्याने आयुष्यभर शेडमध्ये सुधारली आणि १९६७ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिच्यावर जागतिक विक्रम केला. त्याच्यावर २००५ मध्ये सिनेमा निघाला, त्यात अँथनी हॉपकिन्स आहे. नावात ‘इंडियन’ ऐकून माझ्या नवऱ्याला आधी वाटलं, आपलाच कुणीतरी! मूळ स्काउटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे, मनरोने ते डोक्यावर आणले. पिस्टन घरी ओतायचा. फुटलेले भाग त्याने फळीवर मांडून ठेवले होते, वेगाच्या देवाला वाहिलेले म्हणून. मी त्या फळीसारखं सगळं बघितलं, गेज घेतलं आणि मनात म्हटलं, आपण काही वाहायला नको, आपलं सुरू झालं तरी पुरे.

पद्धत अशी. डाव्या बाजूचं झाकण काढायचं, आत मॅग्नेटचं चाक दिसतं, त्यावर ‘टी’ खूण असते. ती खूण काठावरच्या खाचेसमोर आणली की पिस्टन अगदी वर असतो. मग हेडवरच्या दोन टोप्या उघडून रॉकरखाली पातं सरकवायचं. पातं ओढताना किती अडलं पाहिजे हे पुस्तकात धड लिहिलेलं नाही, ‘किंचित’ असं असतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “नव्या कोऱ्या पुस्तकातनं खूण ओढून काढतेस बघ, तेवढं.” हे त्यांनी माझ्यासाठी शोधलं असणार. गॅरेजातल्या पोरांना त्यांनी काही वेगळंच सांगितलं असेल.

मी ‘टी’ खाचेसमोर आणला. दोन्ही रॉकर घट्ट होते, पातं शिरेचना. वाटलं, नवे घासलेले व्हॉल्व्ह आहेत, असेल. दोन्ही स्क्रू ढिले करत गेले, पातं पुस्तकातल्या खुणेसारखं ओढलं जाईपर्यंत. नट घट्ट करायला गेलं की आतला स्क्रूही चोरून फिरतो आणि फट बदलते. तीन हात हवेत. लेक बॅटरी धरून उभी होती, तिने मोजलं, अकरा वेळा केलं. पाने पुसले, तेल भरलं, किक मारली. सातव्या किकला सुरू!

आणि असा काही आवाज आला की शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या.

मी लिहिलं, “बाबा, सुरू झाली. पण खडखड येतोय.”

उत्तर आलं, “खडखड म्हणजे? खडखड चेनची असते, पिस्टनची असते, सायलेन्सरची पण असते. मला काय ऐकू येतंय होय? नीट लिही. बाई ना तू मराठीच्या?”

मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसले. खरं सांगते, कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला मराठीतलं काम दिलं होतं. मी इंजिन पुन्हा सुरू केलं आणि ऐकलं. आपल्या भाषेत आवाजाला किती शब्द आहेत ते मी मुलांना पाठ करून घेतले होते. पण तिथे पक्ष्यांचे आणि पानांचे होते. इथे कटकट, टकटक, टिकटिक, चकचक, खुळखुळ यातलं नेमकं कुठलं? मी लिहिलं, “खडखड नाही, माझं चुकलं. टणत्कार आहे, कोरडा. बारीक हातोडी ऐरणीवर रिकामी आपटावी तसा. वरून येतो, हेडमधून, दोन्ही बाजूंनी. रेस केली की तितकाच भरभर होतो, पण मोठा होत नाही. घरघर कुठे नाही. आणि गाडीला ताकद नाही.”

थोड्या वेळाने आवाज आला, आणि त्यात बाबा हसत होते. त्यांचं हसणं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. “गेज घालायच्या आधी रॉकर दोन्ही आवळलेले होते का?”

“हो.”

“बाळ, ‘टी’ दोनदा येतो.”

आता हे सगळ्यांसाठी सोपं करून सांगते, कारण पुस्तकात हे एका ओळीत उरकलं होतं आणि मी ती ओळ वाचूनही वाचली नव्हती. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक आवर्तन पुरं व्हायला क्रँक दोनदा फिरतो. म्हणजे पिस्टन दोनदा वर येतो. एकदा आतली हवा दाबून, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि रॉकर मोकळे. दुसऱ्यांदा धूर बाहेर ढकलून, तेव्हा एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडायला लागलेला असतो, दोन्ही रॉकर दाबलेले. चाकावरची खूण दोन्ही वेळा तीच. घड्याळात बारा दोनदा वाजतात तसं. नुसते काटे बघून दुपार की मध्यरात्र ते कळत नाही, बाहेर बघावं लागतं. आपण परदेशातल्यांनी तर ही चूक करायलाच नको, फोन करण्याआधी रोज तेच बघतो. मी मध्यरात्रीचे बारा धरून फट ठेवली होती. दुपारचे बारा झाले तेव्हा ती भलतीच मोठी झाली आणि रॉकर दांडीवर आपटायला लागले.

बाहेर कसं बघायचं? प्लग काढायचा, भोकावर अंगठा ठेवायचा आणि चाक हाताने फिरवायचं. हवा अंगठ्याला ढकलायला लागली की तो दाबाचा फेरा. त्यानंतर येणारा ‘टी’ खरा. शिवाय हेडमधल्या चेनच्या चक्रीवर एक गोल खूण असते, ती चक्री क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे तिची खूण एकदाच जागेवर येते. अंगठ्याची रीत मला जास्त आवडली. ऐंशीच्या दशकातल्या त्या इंजिनाने माझा अंगठा उचलला, तेव्हा नव्या रिंगा बसल्याचंही कळलं.

दोन्ही टॅपेट पुन्हा लावले. किक. लिहायला बसले.

“शिवणयंत्रासारखा आवाज आहे.”

“कुठलं शिवणयंत्र?”

“आपल्या घरातलं. आईचं.”

“तेल घालायच्या आधीचं का नंतरचं?”

“नंतरचं.”

“मग झालं,” एवढंच आलं. ते दोन शब्द मी तीनदा ऐकले.

गोष्ट इथे संपली असती. आजींच्या कुरणात मी फेऱ्या मारल्या, लेकीला मागे कुत्र्याच्या जागेवर बसवलं, आजींनी फोटो काढले. गाडी इतकी गोड वाजत होती की दिवसेंदिवस आवाज आणखी मऊ होतोय असं मला वाटायचं, आणि तसं मी कौतुकाने बाबांना लिहिलं. त्यांचं उत्तर कौतुकाचं नव्हतं. “मऊ झालाय? उघडून बघ.”

“पण छान चाललीय.”

“म्हणूनच बघ. वाजणारा टॅपेट बरा गं. तो सांगतो तरी. आवळत जाणारा गप्प असतो.”

नव्याने घासलेला व्हॉल्व्ह चालता चालता बैठकीत किंचित खोल बसतो. तो खोल बसला की त्याची दांडी दुसऱ्या टोकाला वर येते आणि फट कमी होते. फट कमी म्हणजे आपटणं कमी, म्हणून आवाज गोड. पण फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. धुराच्या व्हॉल्व्हचं बरंचसं तापमान मिटलेल्या क्षणी बैठकीतून हेडमध्ये उतरतं. मिटलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? कडेने जळत जातो. एक दिवस किक पुन्हा पोकळ लागते, तोवर काही कळत नाही.

मी गाडी रात्रभर गार होऊ दिली. हेडचे नट पुन्हा ठरल्या ताकदीने आवळले, अंगठा ठेवून खरा ‘टी’ आणला. आत घेणारा ठीक होता. धुराच्या बाजूला ०.०५ चं पातं शिरेना. ०.०३ चं कसंबसं गेलं. आवाजात यातलं काहीही नव्हतं, उलट मी खूश होते.

फट नीट केली आणि बाबांना आकडे लिहिले. मग थोडा वेळ फोन तसाच हातात होता. तिकडे दुपारचे दोन वाजले असतील. आणखी एक ओळ लिहिली, की २०२१ मध्ये मी आले नाही याबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत. लिहिलं आणि पाठवलं. परत वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

त्या रात्री काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलेला संदेश अकरा मिनिटांचा होता. वहिनी म्हणाली, मला खोलीबाहेर पाठवून त्यांनी स्वतः बटण दाबलं. आईच्या शेवटच्या दोन दिवसांबद्दल होतं, आणि माझ्याबद्दलही. त्यातलं सगळं ऐकायला सोपं नव्हतं, ते रागावले होते, बरंच रागावले होते. ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, “बरं, आता एक्झॉस्टचा कितीवर ठेवलास?”

खंडेनवमीच्या आधी मावशी ख्राइस्टचर्चला लेकाकडे आली, तिच्यासोबत बाबांनी त्यांचं गेज पाठवलं. कापडी पिशवीत, तेलाच्या वासासकट. बायोसिक्युरिटीवाल्यांनी मावशीचे लाडू उघडून बघितले, गेजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गेजमधलं ०.०५ चं पातं नाहीच आहे. सीडी हंड्रेड बसवता बसवता झिजलं, वाकलं आणि मोडून गेलं. बाकीची नवीच्या नवी आहेत.

मी लिहिलं, “हे पातं नव्हतं तर तुम्ही टॅपेट कसे लावायचात?”

“हाताने. रॉकर दोन बोटांत धरून हलवून बघायचो. दहा-बारा वर्षं लागतात कळायला. तू तुझ्या नव्या गेजने कर.” मग खोकला, आणि मागे वहिनीचा आवाज, चहा झाला म्हणून. “आणि ते लेकीला नुसती बॅटरी धरायला लावतेस का गं? पाना दे की तिच्या हातात.”

खंडेनवमीला पाटावर दोन्ही गेज ठेवली, पाने ठेवले. झेंडू मिळाला नाही. ऑक्टोबरात इथे वसंत असतो, डॅफोडिल होते, तेच वाहिले. पुढची तपासणी पाचशे किलोमीटरला करायची आहे, पण गाडीचं मीटर बंद आहे, म्हणून लेक कुरणाच्या फेऱ्या वहीत मांडून ठेवते. पाच-पाचच्या जुड्या करून.